खुशालराव गेले तो पूल सोडून

खुशालराव गावंडे यांनी उभी नोकरी एसटीच्या चौकशीच्या खिडकीत काढली. बाहेरून कोणी तोंड घातलं की त्याला गाडी सांगायची, फलाट सांगायचा, आणि त्यानं विचारलं नसलं तरी गाडीत कुठं बसल्यावर हाडं खिळखिळी होणार नाहीत तेही सांगायचं. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, सांगायची सवय तेवढी अंगात राहिली. आणि अकोल्यासारख्या गावात, जिथं मोर्णा नदी मधून वाहते, अर्धं गाव अलीकडे आणि अर्धं पलीकडे, तिथं सकाळी सांगण्याजोगी एकच मोठी गोष्ट असते. आज कोणत्या पुलावरून जायचं?

राहायला ते जठारपेठेत. मेहुण्याचं, म्हणजे किशोरचं, गुरांच्या ढेप-सरकीचं दुकान नदीपलीकडे जुन्या शहरात. घरी बसून जमुनाबाईंच्या पायात पायात येण्यापेक्षा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेलं बरं, असं जमुनाबाईंनीच ठरवलं होतं. तेव्हा रोज सकाळी न्याहारी झाली की खुशालराव आपली निळी स्कूटर काढत. नदीच्या अलीकडच्या चौकात रस्ता फुटायचा. डावीकडे अरुंद दगडी पूल, उजवीकडे मोठा पूल. फाट्यावर अब्दुल रहीमची चहाची टपरी होती. तिथं खुशालराव थांबत, अर्धा कप चहा घेत, आभाळाकडे पाहत, दोन-चार ऑटोंचं तोंड निरखत, आणि मग निकाल देत.

"आज दगडी. बिनधास्त जा. मोठ्यावर कापसाच्या गाड्या येऊन राहिल्या."

आणि स्वतः दगडी पुलावर जाऊन अडकत.

साधं अडकणं नव्हे. त्यांच्या वाट्याला भलतंच यायचं. एकदा पुलाच्या बरोबर मध्ये एक म्हैस बसली, आणि तिचा मालक तिला उठवायचं सोडून तिची समजूत घालत बसला. एकदा विजेचं रोहित्र घेऊन जाणारा ट्रेलर असा आडवा झाला की त्याच्या खालून फक्त शाळेची पोरं जाऊ शकली. एकदा तर दोन मिरवणुका समोरासमोर आल्या, दोघींचंही गाणं एकच निघालं, आणि कोणाचा बाजा सरस हे ठरल्याशिवाय कोणी हटेना. खुशालराव मात्र खचत नसत. हे सारे त्यांना अपवाद वाटत. "म्हशीचं कोन सांगू शकते?" असं ते किशोरला म्हणत, आणि उशिरानं गल्ल्यावर बसत.

एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. टपरीवर सकाळी जी गर्दी जमायची, ऑटोवाले, दूधवाले, बँकेतले, शाळेच्या व्हॅनवाले, ती चहासाठी जमत नव्हती. खुशालराव कुठं वळतात ते पाहायला जमायची. ते डावीकडे वळले की सगळे उजवीकडे, ते उजवीकडे की सगळे डावीकडे.

"खुशालभाऊ, तुमच्या भरवशावर माझा धंदा चालून राहिला," रहीम त्यांना मनापासून सांगायचा.

"अरे बावा, माणसानं माणसाच्या कामी पडावं," खुशालराव लाजून म्हणत.

हे असंच सुखानं चाललं असतं. पण किशोरची पोरगी आकांक्षा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या वरच्या वर्गात होती, आणि तिला प्रकल्पासाठी विषय मिळाला तो नेमका हाच: नदीनं दुभागलेल्या गावात गाडीवाले पूल कसा निवडतात. लॅपटॉप, दोन कॅमेरे आणि एक भली मोठी टोपी घेऊन ती अकोल्याला आली. आत्याच्या नवऱ्याला ती मामाजी म्हणे. पहिल्याच दिवशी तिनं मामाजींना विषय समजावून सांगितला.

"त्यात शोधाचं काय आहे?" खुशालराव म्हणाले. "लोकं मले विचारतात."

"तसं नाई, मामाजी. पाहा, प्रत्येक गाडीवाल्याच्या डोक्यात एक तराजू असतो. पूल किती लांब पडते, वेळ किती लागते, खड्डे किती, सिग्नल आहे का, रोजची सवय कोनती. त्यातल्या कोन्या गोष्टीले त्याच्या मनात किती वजन, ते काढाचं. एकदा ते जमलं की कॉम्प्युटर सांगते, उद्या एखादा पूल बंद पडला तर गर्दी कुठं जाईन."

खुशालरावांनी हे लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "या तराजूत मी कुठं बसतो?"

"तुमी नाई बसत."

"मंग तराजू चुकला तुया," असं म्हणून ते आंघोळीला गेले.

महिनाभर आकांक्षानं गाडीवाल्यांना थांबवून थांबवून प्रश्न विचारले, कॅमेऱ्यातून गाड्या मोजल्या. तिचं गणित दुपारी बरोबर यायचं, संध्याकाळी बरोबर यायचं. सकाळी मात्र सगळं उधळून जायचं. एक दिवस निम्म्याहून जास्त गाव मोठ्या पुलावर, दुसऱ्या दिवशी तेच गाव दगडी पुलावर, आणि खड्डे तर जिथल्या तिथं! तिला वाटलं कॉम्प्युटर बिघडला. अमरावतीच्या सरांना वाटलं पोरगी बिघडली. शेवटी ती स्वतःच सकाळी रहीमच्या टपरीवर जाऊन बसली.

निळी स्कूटर आली. चहा झाला. आभाळ पाहून झालं. "मोठा!" असं जाहीर करून मामाजी उजवीकडे गेले. आणि आकांक्षाच्या डोळ्यांदेखत अख्खा चौक, जणू कोणी टोपली कलंडली असावी, तसा डावीकडे वळला.

तिनं एका ऑटोवाल्याला अडवलं. "दादा, तुमी डावीकडं काहून वळून राहिले?"

"थे निळी स्कूटर उजवीकडं गेली ना," ऑटोवाला म्हणाला. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगताना माणसाचा चेहरा जसा असतो, तसा त्याचा होता.

त्या रात्रीचं जेवण आकांक्षानं आत्याकडे घेतलं. जमुनाबाई चुलीशी नव्हे, गॅसशी, पण चुलीच्याच थाटात भाकरी थापत होत्या. रश्मी, खुशालरावांची एकुलती एक मुलगी, ताटं घेत होती. आकांक्षानं घसा साफ केला.

"मामाजी, तुमी म्हनत होते ते बरोबर होतं. तुमी तराजूत बसता."

खुशालराव ताठ झाले. "म्या सांगतलं होतं."

"तुमची स्कूटर कुठं गेली हा एक रकाना टाकला, अन् सारं गनित जुळलं. तुमचं वजन खड्ड्यांपेक्षा जास्त निघालं. सिग्नलपेक्षाही जास्त."

"आयकलं का वं?" खुशालरावांनी बायकोकडे पाहिलं. "खड्ड्यांपेक्षा!"

"फक्त..." आकांक्षा पाण्याचा पेला फिरवू लागली. "त्याच्या आधी उन्याचं चिन्ह आहे."

"म्हनजे?"

"म्हनजे लोकं तुमचंच पायतात, मामाजी. अन् उलटीकडं जातात."

जमुनाबाईंना हसू आलं ते आवरेना. हातातली भाकरी तव्याऐवजी ओट्यावर पडली. रश्मी तोंडाला ओढणी लावून आतल्या खोलीत पळाली आणि तिथून आवाज येत राहिला. खुशालराव वरणात भाकर कुस्करत राहिले, ती कुस्करून संपली तरी कुस्करतच राहिले.

त्यानंतर ते टपरीवर थांबेनासे झाले. मान खाली घालून, चहा न घेता, काही न सांगता सरळ जात. पण स्कूटर निळीच होती आणि तिला लपायला जागा नव्हती. शिवाय आता ही गोष्ट गावभर झाली होती. ज्यांना आजवर ठाऊक नव्हतं त्यांनाही कळली. 'निळी स्कूटर' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. खुशालराव जठारपेठेतून निघाले की ग्रुपवर बातमी, वळले की बातमी. आणि सारं अकोला, एकजात सारं, दुसऱ्या पुलावर.

मग काय झालं असेल?

खुशालरावांचा पूल रिकामा राहू लागला. पहिल्या दिवशी त्यांना संप आहे असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुलाच्या मधोमध एक कुत्रं निवांत झोपलं होतं, ते त्यांच्याकडे पाहून नुसतं कूस बदलून झोपलं. ते दुकानावर पोचले तर शटर बंद. किशोर दात घासत दुकानामागच्या घरातून बाहेर आला.

"भाऊजी, घरी भांडन झालं का?"

"नाई बा. रस्ता मोकळा होता."

"तुमाले?" किशोरच्या तोंडातून ब्रश पडला.

तिकडे दुसऱ्या पुलावर तासभर तिष्ठणाऱ्या लोकांना नदीच्या वरून मोकळ्या पुलावर एकटी निळी स्कूटर जाताना दिसे. चालवणारा माणूस आता मान वर करून चालवत होता. कधी कधी हातही हलवत होता. असं आठवडाभर पाहिल्यावर लोकांचं मन फिरलं. "थो माणूस बरोबर जाऊन राहिला, आपनच बह्याड आहो," असं ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, आणि दुसऱ्या सकाळी सारं गाव खुशालरावांच्या मागोमाग निघालं. अर्थात पुलावर मुंगीला जागा उरली नाही, आणि मधोमध खुशालराव.

आकांक्षाला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं. "मामाजी, हेच तं! चांगला रस्ता सांगतला की सारे तिकडं जातात, अन् मंग थो चांगला राहत नाई. पुस्तकात वाचलं होतं, तुमच्यामुळं पायाले भेटलं!"

"तुयं होते पुस्तक, अन् माया होते भुगा," खुशालराव म्हणाले.

आता गावात दोन तट पडले. एक खुशालरावांच्या मागे जाणारा, एक त्यांच्या उलट. रोज सकाळी कोणत्या तटात किती माणसं असतील याचा अंदाज बांधत खुशालराव घरातल्या घरात येरझारा घालत. मी दगडी म्हणतो असं त्यांना वाटेल, म्हणून ते मोठ्यावर जातील, पण मी तसा विचार केला हे त्यांना कळलं असेल, तर मग ते... इथपर्यंत आलं की जमुनाबाई हातात हेल्मेट देऊन त्यांना दाराबाहेर काढत.

याच धामधुमीत रश्मीचं लग्न आलं.

मुलगा दर्यापूरचा. नितेश नाव, शेती आणि कृषी सेवा केंद्र, माणूस शांत. मुहूर्त गोरज. मंगल कार्यालय जुन्या शहरात, आणि वऱ्हाडाचा जानोसा, म्हणजे उतरायची सोय, अलीकडे, जठारपेठेतल्या एका शाळेत. म्हणजे नवरदेव, नवरी, बँडवाले, पाहुणे, साऱ्यांना ऐन संध्याकाळच्या गर्दीत नदी ओलांडायची होती. आकांक्षानं सुचवलं होतं की कार्यालय अलीकडचंच घ्या. पण अलीकडच्या कार्यालयातली भाजी एकदा जमुनाबाईंना आवडली नव्हती.

खुशालरावांनी आयुष्यात पहिल्यांदा डाव आखला. ग्रुपवर त्यांनी दुपारीच लिहून टाकलं, "आज दगडी पूल एकदम मोकळा राहील. सर्वांनी दगडी पुलानेच यावे." त्या आठवड्यात मागे जाणाऱ्यांचा तट भारी होता, गाव त्यांचं ऐकण्याच्या लहरीत होतं. तेव्हा सारं गाव दगडीवर जाईल, आणि मोठा पूल लग्नासाठी रिकामा. मग त्यांनी जमुनाबाईंना बाजूला घेतलं.

"पाह्य, कोनाले बोलजो नको. आपल्या साऱ्या गाड्या मोठ्या पुलानं. नवरदेवाच्या बी. समजलं?"

"समजलं," जमुनाबाई म्हणाल्या.

आणि महाराजांना, म्हणजे लग्न लावणाऱ्या भटजींना, स्कूटरवर मागे बसवून तयारी पाहायला ते पुढे निघाले. महाराजांचं वजन चांगलं होतं. मोठ्या पुलावर चिटपाखरू नव्हतं. स्कूटर डुलत डुलत पलीकडे पोचली, तेव्हा खुशालरावांच्या छातीत असं काही भरून आलं की त्यांनी महाराजांना उसाचा रस पाजला.

कार्यालयात हळूहळू दिवे लागले. आचाऱ्यानं जिलबी सोडायला घेतली. सनईची टेप सुरू झाली. खुर्च्या मांडलेल्या, त्यावर कोणी नाही. मुहूर्त जवळ येऊ लागला, तरी कोणी नाही. खुशालरावांनी फोन लावला.

"कुठं आहा तुमी?"

"पुलावर," जमुनाबाईंचा आवाज आला. मागे हॉर्नचा असा गलका की जणू नदीच ओरडत होती. "गाडी हालूनच नाई राहिली."

"कोन्या पुलावर?"

"दगडी," जमुनाबाई म्हणाल्या. मग एकदम जोरात, "मले काय मालूम! तुमी मोठा म्हनलं, म्हनून म्या साऱ्या डायव्हरले दगडी सांगतला. लग्न झाल्यापासून तेच करत आली मी, कधी चुकलं का?"

नवरदेवाकडच्यांनी तर ग्रुपवरचा सल्ला वाचला होता. आदर्श सोयरे म्हणून त्यांनी तो तंतोतंत पाळला. नवरीची गाडी दगडी पुलावर मध्ये, तिच्या मागे बँडची गाडी, तिच्या मागे नवरदेवाची फुलांची जीप, आणि पुढे मागे सगळं अकोला.

महाराजांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुहूर्त काही पूल पाहत नाई, खुशालराव."

मग खुशालरावांना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी ताटातल्या अक्षता खिशात भरल्या, महाराजांना पुन्हा स्कूटरवर घातलं आणि थेट मोठ्या पुलाच्या मध्यावर जाऊन थांबले. तिथून नदीच्या वळणावर दगडी पूल समोरच दिसतो. मावळत्या उजेडात तिकडे गाड्यांची माळ लागली होती, आणि तिच्या मध्ये, बोनेटजवळ, पिवळ्या शालूत एक आकृती उभी होती.

"रश्मी," खुशालराव म्हणाले.

आकांक्षा नवरीच्या गाडीत होती. फोनवर तिला सारं सांगितलं गेलं. तिनं नितेशला जीपमधून उतरवून गाड्यांमधल्या फटींतून पुढे आणलं. किशोर मामा म्हणून नवरीमागे उभा राहिला. अंतरपाट कार्यालयात होता, तेव्हा एका दूधवाल्यानं आपला धुतलेला गमछा दिला. बँडवाल्यांच्या भोंग्याच्या माइकसमोर आकांक्षानं फोन धरला. आणि मोठ्या पुलावर महाराजांनी कठड्याला एक हात लावून, दुसऱ्या हातात खुशालरावांचा फोन घेऊन, मंगलाष्टक सुरू केलं.

दोन्ही पुलांच्या मध्ये मोर्णेवर जलकुंभी दाटली होती. तिच्यावरून महाराजांचा आवाज तिकडे जायचा, भोंग्यातून मोठा होऊन परत यायचा, आणि प्रत्येक ओळ दोनदा ऐकू यायची. दगडी पुलावर ऑटोवाले, बसमधले प्रवासी, शिकवणीची पोरं, सारे गाड्यांतून उतरून उभे राहिले. हॉर्न बंद झाले. कोण कुणाचा वऱ्हाडी हा प्रश्नच उरला नाही. एका किराणावाल्यानं आपल्या टेम्पोतलं तांदळाचं पोतं अक्षतांसाठी आपखुशीनं फोडलं.

"...शुभमंगल सावधान!"

खुशालरावांनी खिशातल्या अक्षता मूठ भरून काढल्या आणि दगडी पुलाच्या दिशेनं जीव खाऊन फेकल्या. त्या जलकुंभीवर पडल्या. तिथले बगळे दचकून उडाले, आणि एक कोंबडा मात्र पाण्याच्या काठाला धावत आला. बँड वाजला. समोरची पिवळी आकृती इकडे वळून हात हलवत होती. खुशालराव दोन्ही हात वर करून नाचू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, आणि महाराज म्हणत होते, "स्कूटर पडन, खुशालराव, जरा सांभाळून!"

गाड्या सुटायला पुढे बराच वेळ लागला. कन्यादान आणि बाकीचे विधी कार्यालयात नीट झाले. जेवायला, पुलावर अडकलेले आणि लग्न पाहिलेले कितीतरी अनोळखी लोक आले, आणि त्यांना नाही म्हणायचं कोणाला सुचलं नाही. दूधवाला नवरदेवाच्या मामाशेजारी बसून गमछ्याची गोष्ट सांगत होता.

सारं आटोपल्यावर जमुनाबाई खुशालरावांजवळ येऊन बसल्या. त्यांनी नथ काढून हातात घेतली होती.

"मोठा पूल खरंच मोकळा होता का?" त्यांनी हळूच विचारलं.

"चिटपाखरू नोतं."

"म्हनजे तुमचं आयकलं असतं तं..."

"हाव."

जमुनाबाईंनी हातातली नथ पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाल्या, "पन मंग असं लग्न कोनाच्या पोरीचं झालं असतं?"

आकांक्षाचा प्रकल्प पास झाला. अमरावतीच्या सरांनी मामाजींचा रकाना काढून टाकायला सांगितला, कारण दुसऱ्या गावात अशी स्कूटर मिळणार नाही. तिनं तो काढला, पण आभाराच्या पानावर त्यांचं नाव सगळ्यात वर घातलं. पुढे सकाळच्या वेळी दगडी पूल एकमार्गी झाला, निवडायचं फारसं काही उरलं नाही, आणि 'निळी स्कूटर' ग्रुपवर लोक फुलांची चित्रं पाठवू लागले.

जमुनाबाईंनी त्या लग्नानंतर एक बदल केला. बाजाराला निघताना त्या आता नवऱ्याला पूल विचारतात आणि तो सांगेल त्याच पुलावरून, त्याच्याच मागे स्कूटरवर बसून जातात. दर वेळी अडकतात. परवा मोठ्या पुलावर सोयाबीनचा ट्रॅक्टर पंक्चर झाला होता. पुढे रस्ता नाही, मागे रस्ता नाही. एक बाई गाड्यांमधून उकडलेल्या शेंगा विकत फिरत होती. जमुनाबाईंनी एक पुडा घेतला, सोलून सोलून दोन दाणे स्वतः खाल्ले, दोन पुढे बसलेल्या खुशालरावांच्या तळहातावर ठेवले.

"मीठ कमी पडलं," खुशालराव म्हणाले.

"खा मुकाट्यानं," जमुनाबाई म्हणाल्या, आणि पुढची शेंग फोडली.